पार्सल पाठवण्यापूर्वी : ऑनलाइन विक्रीतील ग्राहक आणि पैशांचे तंटे

गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात भोजनानंतर गप्पांच्या ओघात एक विषय निघाला आणि तो संध्याकाळच्या गाड्यांची वेळ होईपर्यंत संपला नाही. जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी कोणी ना कोणी मोबाइलवरून काहीतरी विकत होते. कोणाची आई गोधड्या, कोणाची पत्नी मसाला आणि शेवया, कोणाचा धाकटा भाऊ चपला. विक्री वाढवावी कशी, असा प्रश्न त्या दिवशी कोणीही विचारला नाही. बोलणे चालले होते ते बुडालेल्या पैशांचे, परत आलेल्या पार्सलांचे आणि माल वापरून झाल्यावर पैसे परत मागणाऱ्या ग्राहकांचे. स्मरणिका समितीने तेथेच हा लेख आमच्यावर सोपवला.

आम्ही या विषयातील तज्ज्ञ नाही. २०२० साली टाळेबंदीत बाजार बंद पडले, तेव्हा आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या आम्हा पाच जणांनी कोल्हापूर परिसरातील चार कारागीर कुटुंबांच्या चपला ऑनलाइन विकून देण्यास आरंभ केला. आजही ते काम नोकरीतून उरलेल्या वेळात चालू आहे. या काळात आमच्या हातून ज्या चुका झाल्या आणि त्यांतून जे समजले, ते येथे मांडत आहोत. उदाहरणे चपलांची असली, तरी गोधडी विकणाऱ्या भगिनींनाही ती परकी वाटणार नाहीत.

पिन कोण मागतो?

आरंभ एका जुन्या घटनेने करतो. २०२२ च्या दिवाळीपूर्वी आमच्या एका वर्गमित्राच्या आईला, म्हणजे आम्हा सर्वांच्या काकूंना, एक फोन आला. बोलणारा अत्यंत आदबशीर होता. आपण लष्करात असून तुकडीतील सहकाऱ्यांसाठी बारा जोड चपला हव्या आहेत, असे त्याने सांगितले. आठशे रुपये जोड, एकूण ९,६०० रुपये. भावात घासाघीस नाही, मापांविषयी प्रश्न नाही. निम्मी रक्कम आगाऊ देतो, असे म्हणून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक क्यूआर कोड पाठवला आणि ‘हा स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील’ असे सांगितले. काकूंनी तसे केले. ४,८०० रुपये खात्यातून गेले. ‘चूक झाली, आता दुसरा कोड पाठवतो, त्यात दोन्ही रकमा एकत्र येतील’ असे तो म्हणाला आणि आणखी ९,६०० रुपये गेले. चौदा हजार चारशे रुपये, म्हणजे त्या घरातील दीड महिन्याचे श्रम.

यूपीआय ही व्यवस्था २०१६ पासून आपल्याकडे आहे आणि तिचा एक नियम अगदी साधा आहे : पैसे देताना पिन लागतो, पैसे घेताना पिन लागत नाही. आपला क्यूआर कोड दुसऱ्याने स्कॅन केला तर पैसे आपल्याकडे येतात. दुसऱ्याचा कोड आपण स्कॅन केला तर ते आपल्याकडून जातात. मोबाइल हाताळणाऱ्या तरुणांना हे सांगण्याची गरज वाटत नाही आणि नेमके म्हणूनच घरातील वडीलधाऱ्यांना ते कोणी सांगत नाही. आम्हीही सांगितले नव्हते. काकूंना दुकान उघडून दिले, फोटो काढून दिले, पत्ता कसा लिहायचा ते शिकवले. पिनविषयी मात्र एक शब्द बोललो नाही.

त्याहून मोठी हानी पुढे झाली. काकूंनी ही गोष्ट दोन दिवस कोणालाही सांगितली नाही. शिकलेल्या मुलाची आई असून फसले, ही लाज. तिसऱ्या दिवशी मुलाने खाते पाहिले तेव्हा उलगडा झाला. अशा प्रसंगी १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करायचा असतो. हा देशभरासाठीचा सायबर फसवणुकीचा मदतक्रमांक असून तक्रार नोंदताच ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याच्या बँकेला सूचना जाते आणि रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद पोर्टलवरही तक्रार करता येते. परंतु ही सारी धावपळ पहिल्या काही तासांत झाली तर उपयोगाची. चोराच्या खात्यात पैसे थांबत नाहीत. ते एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाऊन शेवटी रोख काढले जातात. आम्ही तिसऱ्या दिवशी फोन केला, तक्रार नोंदली गेली, परत काही आले नाही. काकूंनी पुढे काही महिने चपला विकल्या नाहीत.

या प्रकाराची इतर रूपेही ध्यानात असू द्यावीत. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट ही सर्वांत सामान्य युक्ती. स्क्रीनशॉट म्हणजे चित्र, आणि चित्र कसेही बनवता येते. आपल्या बँकेच्या खात्यात जमा दिसल्याशिवाय पार्सल बांधू नये. दुसरी युक्ती अशी : ‘एक हजाराऐवजी चुकून दहा हजार पाठवले, वरचे नऊ हजार परत करा’ असा घाबरा फोन येतो आणि बँकेकडून आल्यासारखा दिसणारा संदेशही येतो. तो बँकेकडून आलेला नसतो.

तिसरा प्रकार अधिक घातक असून त्याची माहिती फार थोड्यांना असते. येथे पैसे खरोखरच जमा होतात. मग ग्राहक ऑर्डर रद्द करतो आणि रक्कम दुसऱ्याच कोणाच्या खात्यावर परत पाठवण्यास सांगतो : ‘माझे खाते बंद आहे, भावाच्या नंबरवर टाका.’ मूळ रक्कम तिसऱ्याच माणसाकडून चोरलेली असू शकते. त्याने तक्रार केली की पोलिसांचा माग आपल्या खात्यापर्यंत येतो, खात्यातील तेवढी रक्कम किंवा कधी संपूर्ण खातेच गोठवले जाते, आणि परत केलेले पैसे तर आधीच गेलेले असतात. म्हणून आम्ही एक नियम केला आहे व तो कोणासाठीही मोडत नाही : पैसे ज्या खात्यातून आले, त्याच खात्यात परत जातील.

नाकारलेले पार्सल

ग्राहकाने माल मागवावा आणि दारात आल्यावर ‘नको’ म्हणावे, हे दुखणे मोबाइलच्या युगाचे आहे असे अनेकांना वाटते. वस्तुतः व्ही. पी. पी. ची पद्धत आपल्या टपाल खात्यात १८७७ पासून आहे, आणि मराठी प्रकाशकांना विचारले तर दिवाळी अंकांची परत आलेली व्ही. पी. ही काय चीज असते, हे ते अजूनही सांगतील. पोस्टमनने अंक दारात न्यावा, घरातून ‘साहेब गावाला गेलेत’ असे उत्तर यावे, आणि दोन्ही वेळचा टपालखर्च प्रकाशकाच्या माथी बसावा. कॅश ऑन डिलिव्हरी ही त्याच व्यवस्थेची नात. लोकांचा ऑनलाइन खरेदीवर विश्वास नव्हता, तेव्हा माल आधी पाहू आणि मग पैसे देऊ या सोयीमुळेच ही खरेदी घरोघरी पोहोचली. ही बाजूही मान्य केली पाहिजे. ज्या ग्राहकाला आपण ठाऊक नाही, त्याने आपल्यावर आगाऊ विश्वास का ठेवावा?

मात्र परत येणाऱ्या पार्सलाचा भार लहान विक्रेत्याला झेपत नाही. जाण्याचे भाडे, येण्याचे भाडे, पंधरा-वीस दिवस अडकलेला माल, आणि पावसाळ्यात आले तर ओल धरलेले कातडे. म्हणून आता आम्ही कॅश ऑन डिलिव्हरी पूर्ण बंद न करता दोन्ही बाजूंचे भाडे निघेल एवढी रक्कम आगाऊ घेतो व उरलेली दारात. शंभर-दीडशे रुपये ज्याने आधी दिले, तो सहसा पार्सल नाकारत नाही. त्याखेरीज पाठवण्याच्या आदल्या दिवशी एक फोन. या फोनचा हेतू पडताळणीचा असला तरी त्यातून पत्त्यातील चुका अधिक सापडतात. एकाच नावाची दोन गावे, घर बदललेले भाडेकरू, ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढाच पत्ता. यातील एकही माणूस लबाड नसतो, तरी पार्सल परत येते.

माप, रंग आणि करकर

तंट्यांपैकी बहुसंख्य तंटे पैशांवरून सुरू होत नाहीत. ते मालाच्या वर्णनावरून सुरू होतात आणि मग पैशांवर येतात. कोल्हापुरी चपलेचेच पाहा. महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांच्या या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. तिचे कातडे वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले असते, म्हणून दोन जोडांचा रंग तंतोतंत सारखा येत नाही. नवी चपल पहिले काही दिवस कडक लागते. तिला तेल द्यावे लागते. चालताना करकर वाजते. पाण्यात भिजवली तर तिचे आयुष्य सरते. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. पण बंगळूरुच्या किंवा गुरगावच्या ग्राहकाने ही चपल प्रथमच पायात घातली, ती टोचली आणि वाजली, तर त्याने ‘सदोष माल’ अशी तक्रार करणे स्वाभाविक आहे. आम्ही सुरुवातीला अशा ग्राहकांना ‘कटकट्या’ म्हणत असू. चूक आमची होती. आम्ही त्यांना काय विकत आहोत तेच सांगितले नव्हते.

मापाचा घोळ तर सर्वांत मोठा. बुटाचा आठ नंबर आणि कोल्हापुरीचा आठ नंबर एकच असेल याचा भरवसा नाही. आमच्याकडील एका वृद्ध कारागिराने यावर तोडगा सुचवला, आणि तो त्यांच्या वडिलांच्या काळातील होता : ग्राहकाने कोऱ्या कागदावर उभे राहावे, पावलाभोवती पेन्सिल फिरवावी, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे आणि कागदाचा फोटो पाठवावा. दोन्ही पावलांचा, कारण ती क्वचितच सारखी असतात. हा नियम केल्यापासून ‘बसत नाही’ या तक्रारी अगदी थोड्या उरल्या, आणि ज्या आल्या त्यांत कोणाचे चुकले हे कागद सांगू लागला. गोधडी विकणाऱ्यांनी लांबी-रुंदी, वजन, आतील कापड जुने की नवे, आणि धुतल्यावर रंग जातो का, एवढे तरी स्पष्ट लिहावे. ‘उत्तम दर्जा’ या दोन शब्दांनी कोणाचेही समाधान होत नाही, आणि वाद झाल्यास त्यांचा काही उपयोगही नाही.

येथे कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहिले पाहिजे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये, ऑनलाइन बाजारपेठेतून विकलेला माल सदोष असेल, बनावट असेल, वर्णनाबरहुकूम नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीत पोहोचला नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास वा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. उशीर आपल्या हाताबाहेरील आपत्तीमुळे झाला असेल तर तेवढा अपवाद आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दुकानात टांगलेली असते. सदोष मालाच्या बाबतीत ती पाटी ऑनलाइन विक्रेत्याचे रक्षण करत नाही. उलट बाजूने मालविक्री अधिनियम, १९३० आपल्याही कामाचा आहे. (मदतक्रमांकही १९३० आणि कायदाही १९३० चा, त्यामुळे आमच्या वहीत एकदा घोटाळा झाला होता.) या कायद्याप्रमाणे ग्राहकाला माल तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे. परंतु वाजवी काळ उलटूनही त्याने माल ठेवून घेतला आणि नाकारल्याचे कळवले नाही, तर त्याने तो स्वीकारला असे मानले जाते. लग्नात आठ दिवस मिरवून मग ‘आवडली नाही’ म्हणणाऱ्यास आपण नम्रतेने नाही म्हणू शकतो. मात्र परतीची मुदत किती दिवसांची, हे विक्रीपूर्वीच लिहून दिलेले असावे.

आमची एक चूक

२०२३ साली एकाच महिन्यात आमच्याकडे तीन डबे परत आले. एकात वापरून झिजलेली जुनी चपल होती, दुसऱ्यात दुसऱ्याच कोणाची, तिसरा जवळजवळ रिकामा. आम्ही संतापलेले होतो. त्यानंतर नाशिकच्या एका शिक्षिकेचा संदेश आला की जोडातील एक चपल घट्ट व दुसरी सैल होते. आम्ही फोटो मागितला नाही, चौकशी केली नाही. ‘असे प्रकार आम्ही रोज पाहतो’ एवढे एकच वाक्य लिहिले. त्यांचे उत्तर आले : ‘ठीक आहे. जोड ठेवते. पैसे नकोत.’

सहा आठवड्यांनी दुसऱ्याच एका पार्सलाची शहानिशा करताना आम्ही बांधणीचे जुने व्हिडिओ चाळत होतो. त्यात त्या बाईंचे पार्सल दिसले. एका तळावर सात हा आकडा, दुसऱ्यावर आठ. आमच्याच हातांनी तो जोड डब्यात ठेवला होता.

आम्ही योग्य जोड पाठवला आणि क्षमा मागणारे पत्र लिहिले. त्यांनी जोड स्वीकारला, चुकीचा जोड स्वतःच्या खर्चाने परत केला, आणि त्यानंतर आमच्याकडून काही मागवलेले नाही. मैत्रीभावाचे पाठ ज्या सभागृहात बसून आपण घोकले, तेथील विद्यार्थ्यांनी एका शिक्षिकेला चोर ठरवावे, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. चौदा हजार रुपये गेले त्याहून आम्हाला ही अधिक लागली आहे. व्हिडिओ आम्ही ग्राहकाची लबाडी पकडण्यासाठी काढू लागलो होतो. पहिला दोष त्याने आमचाच पकडला.

तेव्हापासून क्रम असा ठेवला आहे. पार्सल बांधताना माल, दोन्ही तळांवरील आकडे, वजनकाट्यावरील आकडा आणि पत्त्याची चिठ्ठी एकाच अखंड चित्रीकरणात येतील, असे पाहतो. परत आलेले पार्सलही कुरिअरवाल्यासमोर अथवा निदान चित्रीकरण चालू ठेवून उघडतो. आधी बाहेरील चिठ्ठी व चिकटपट्टी दाखवतो, मग आतील वस्तू. रिकामा डबा आला तरी तो टाकून देत नाही. ऑनलाइन बाजारपेठांच्या कंपन्यांकडे चुकीची वस्तू परत आल्याचा दावा करता येतो, पण त्याची मुदत काही दिवसांचीच असते आणि पुरावा छायाचित्रांचा लागतो. कंपनीच्या पहिल्या नकारावर थांबू नये. प्रत्येक कंपनीस तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात, असे बंधन नियमांतच आहे. विक्रेत्यानेही त्याच अधिकाऱ्याला लेखी लिहावे.

तक्रार आली की आम्ही पाठवतो तो मजकूर साधारण असा असतो : ‘नमस्कार ताई. आपली अडचण समजली. कृपया दोन्ही चपलांच्या तळांचा एक आणि डब्यावरील चिठ्ठीचा एक असे दोन फोटो पाठवावेत. फोटो मिळाल्यापासून दोन दिवसांत जोड बदलून देणार की पैसे परत करणार, ते लेखी कळवू.’ यात आरोप नाही आणि कबुलीही नाही. खरा तक्रारदार दहा मिनिटांत फोटो पाठवतो. ज्याला फुकट काही हवे आहे तो फोटोंऐवजी धमकी पाठवतो : ‘निम्मे पैसे परत करा, नाहीतर एक तारा देईन.’ अशा धमकीस बळी पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकदा पैसे दिले की ती बातमी पसरते. वाईट अभिप्राय आलाच तर त्याखाली दोन ओळींत, तारखांसह, शांतपणे आपली बाजू लिहावी. अमेरिकेतील ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर पूर्वी विक्रेतेही ग्राहकांना वाईट शेरा देऊ शकत. २००८ मध्ये त्यांनी विक्रेत्यांचा तो अधिकार काढून घेतला, आणि विक्रेत्यांनी बराच आरडाओरडा केला. तेव्हा ताऱ्यांच्या बाबतीत तराजू ग्राहकाकडे झुकलेला असतो, हे धरूनच चालावे.

कार्डाने पैसे देणाऱ्या ग्राहकांच्या बाबतीत चार्जबॅक हा शब्द कानावर येईल. ग्राहक विक्रेत्याकडे न येता थेट आपल्या बँकेकडे ‘माल मिळाला नाही’ अशी तक्रार करतो आणि रक्कम आपल्याकडून परत वळवली जाते किंवा रोखली जाते. आपल्याला उत्तरासाठी थोडेच दिवस मिळतात. त्या मुदतीत पोच झाल्याचा कुरिअरचा दाखला, पावती आणि ग्राहकाशी झालेले संभाषण पाठवावे लागते. मौन म्हणजे हार. आणि एक सावधगिरी : चार्जबॅक चालू असताना दया येऊन वा घाईने वेगळे पैसे परत करू नयेत. तसे केल्यास एकाच मालाचे पैसे दोनदा जातात. आमच्या एका सहकाऱ्याचे गेले आहेत.

उधारीचा मोठा ग्राहक

किरकोळ ग्राहकाचे आठशे रुपये बुडाले तर राग येतो. दुकानदाराचे चाळीस हजार बुडाले तर घर बसते. ऑनलाइन ओळख होऊन शहरातील दुकाने चाळीस-पन्नास जोड एकदम मागवतात, पहिल्या खेपेचे पैसे चोख देतात, दुसरीचे निम्मे, आणि तिसरीनंतर फोन उचलत नाहीत.

यासाठी कारागिरांनी उद्यम नोंदणी आधीच करून ठेवावी. ती निःशुल्क आहे. दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ प्रमाणे अशा नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास कराराच्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. मालाविषयी आक्षेप असेल तर तोही खरेदीदाराने पंधरा दिवसांत लेखी नोंदवला पाहिजे. सहा महिन्यांनी ‘माल खराब होता’ ही सबब चालत नाही. दाद मागण्यासाठी सुलभीकरण परिषद आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. तंटा झाल्यानंतर नोंदणी केली तर तिच्यावरूनच वाद उभे राहतात, म्हणून ‘आधीच’ हा शब्द पुन्हा लिहितो. केवळ दुसऱ्याचा माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यास या तरतुदीचा लाभ मिळत नाही, हेही लक्षात असावे.

दुकानदाराने धनादेश दिला आणि तो वटला नाही, तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवसांची सवड असते, आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. या तारखा चुकल्या की हा मार्ग अवघड होतो. एरव्ही दिलेल्या मालाच्या किमतीसाठी दिवाणी दाव्याची मुदत, उधारीचा काळ ठरलेला नसेल तर, माल पोहोचता केल्यापासून तीन वर्षांची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण पुरावा म्हणून चालते का, असे सारखे विचारले जाते. चालते, पण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत विहित प्रमाणपत्र लागते. म्हणून जुना मोबाइल विकण्यापूर्वी किंवा संभाषणे पुसण्यापूर्वी विचार करावा.

हजार रुपयांच्या आतील बुडीत रकमेसाठी मात्र न्यायालयाची पायरी चढू नये, असे आम्ही कारागिरांना सांगतो. तो क्रमांक वहीत तांबड्या शाईने लिहावा, पुन्हा त्याला माल देऊ नये आणि झोपावे.

वही म्हटले ती खरोखरची वही आहे, दोनशे पानी. आपल्या वसतिगृहाच्या भांडारात साबणाची एक वडी घेतली तरी नाव, तारीख, वस्तू आणि सही अशी नोंद करावी लागे. आम्ही तेच रकाने घेऊन त्यांत पाच वाढवले : पावलाचे माप, पैसे कोणत्या खात्यातून आले, पार्सलाचे वजन, कुरिअरचा क्रमांक, आणि ग्राहकाने शेवटी काय कळवले. चारही घरांत अशी एकेक वही आहे. ज्यांना रकाने पाहायचे असतील, त्यांच्यासाठी एक भरलेली प्रत, ग्राहकांची नावे झाकून, शाळेच्या ग्रंथालयात ठेवत आहोत.

काकूंनी पुन्हा विक्री सुरू केली ती २०२३ च्या गुढीपाडव्याला. आता क्यूआर कोड त्यांचा स्वतःचा आहे, पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला टांगलेला, आणि फोनवर कोणी ‘पिन टाका’ म्हणाले की त्या ‘मुलाला विचारते’ असे सांगून फोन ठेवतात. मुलगा पुण्यात नोकरीला असल्यामुळे हे विचारणे बहुधा घडतच नाही. मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही त्यांची वही पाहिली. शेवटची नोंद छत्रपती संभाजीनगरच्या एका ग्राहकाची होती : डावे पाऊल २५.५, उजवे २६, पैसे जमा, वजन ९४० ग्रॅम. शेवटचा रकाना अजून कोरा होता.